नोकरी कधी सोडली, हे आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे आणि प्रबंधाचा विषय आहे विकसित देशांतल्या पन्नाशीपुढच्या स्त्रिया. ती लिहिते, "या देशांत शिक्षण आहे, कायदे आहेत, पाळणाघरं आहेत, या वयात मुलंही हाताशी आलेली असतात आणि पेन्शन तर ६५-६६ नंतर. तरी ५० ते ६४ वयाच्या इतक्या बायका नोकरी करतही नाहीत आणि शोधतही नाहीत. हे सुबत्तेमुळे की आजारपणामुळे? प्रबंधात मुख्य कारण कोणतं धरू?"

मी ब्रिटनमध्ये बरीच वर्षं आहे. आधी घरोघरी जाऊन रोजगाराच्या सर्वेक्षणासाठी मुलाखती घ्यायचे, नंतर पन्नाशीपुढच्या लोकांना नोकरी शोधायला मदत करण्याचं काम केलं. म्हणजे बायकांना आकड्यांत बसवायचं आणि मग त्या आकड्यांतून बाहेर काढायचं, अशी दोन्ही कामं करून झाली आहेत. त्यामुळे लिहिते आहे ते मुख्यतः ब्रिटनबद्दल. जपान, इटली, स्वीडन वगैरे जिथे फरक स्पष्ट व्हायला मदत होते तिथेच.

तुमच्या प्रश्नातली खरी अडचण "कारण कोणतं" ही नाहीच. सर्वेक्षणात नोंदलेलं कारण हे बाईचं आजचं कारण असतं. नोकरी सुटली ती पाच-सात वर्षांपूर्वी आणि तेव्हाचं कारण भलतंच असू शकतं. आजचे रकाने मोजून तुम्ही "इतके टक्के निवृत्त, इतके टक्के आजारी, इतके टक्के घर सांभाळतात" असा तक्ता कराल, तो दिसेलही नीटनेटका, पण का सोडलं याचं उत्तर त्यात नसेल. म्हणून मी आधी मोजणी कशी होते ते सांगते, मग बायका कुठल्या वाटेने बाहेर पडतात ते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची व्याख्या तुम्ही वाचलीच असेल. संदर्भ आठवड्यात एक तास जरी मोबदल्याचं काम केलं तरी बाई रोजगारात. काम केलं नाही, पण गेल्या चार आठवड्यांत शोधलं आणि दोन आठवड्यांत रुजू होऊ शकते, तर बेरोजगार. या दोन्हींत नसेल तर श्रमबलाबाहेर. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात कसं होतं ते बघा.

मिडलंड्समधल्या एका गावातली बाई, वय ५९ (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत). स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. रविवारी संपलेल्या आठवड्यात पगारी काम केलं का? नाही. चार आठवड्यांत शोधलं का? नाही. नोकरी मिळाली तर हवी आहे का? ती हसली आणि म्हणाली, "आता कोण देणार?" या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर चालतं, म्हणून मी पुन्हा विचारलं. "मग नाही लिही." नको असण्याचं मुख्य कारण? "रिटायर्ड."

तिने "हवी" म्हटलं असतं, तर पुढच्या प्रश्नात "नोकरी मिळेल असं वाटत नाही" हा पर्याय आला असता आणि ती हताश होऊन शोध सोडलेल्यांत मोजली गेली असती. "नको" म्हटल्यावर ती वाट बंद. सरकारी पेन्शन मिळायला अजून सात वर्षं होती. खासगी पेन्शन नावालाच. मी लॅपटॉप बंद करताना तिने सहज सांगितलं, की ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. ५३ व्या वर्षी आईला पक्षाघात झाला तेव्हा आधी तास कमी केले, मग नोकरी सोडली. आई गेली. तोवर हिचे गुडघे साथ देईनासे झाले होते. शाळेने जेवणाचं काम कंत्राटदाराला दिलं होतं आणि ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. काळजीवाहू, आजारी, हताश अशा तिन्ही रकान्यांतून ती गेली होती आणि शेवटी नोंद झाली निवृत्त. खोटं ती काही बोलली नाही. साठीला टेकलेल्या माणसाला "निवृत्त" म्हणणं सगळ्यांत कमी त्रासाचं असतं, इतकंच.

आकडे वापरायच्या आधी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ब्रिटनमध्ये २०१० पर्यंत "कामाचं वय" पुरुषांसाठी १६ ते ६४ आणि स्त्रियांसाठी १६ ते ५९ असं धरायचे. नंतर दोघांसाठी १६ ते ६४ केलं. जुन्या अहवालातला आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवले, तर साठ ते चौसष्टच्या बायका मध्येच अवतरल्यासारख्या दिसतील. सुधारित मालिका मिळते, तीच घ्या. दुसरी गोष्ट, लोक हल्ली दारच उघडत नाहीत. २०२३ च्या उत्तरार्धात या रोजगार सर्वेक्षणाला प्रतिसाद जेमतेम १७ टक्क्यांवर आला होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाला नेहमीचे आकडे काही काळ थांबवावे लागले. तेव्हा २०२३-२४ मधल्या अर्ध्या टक्क्याच्या चढउतारावर प्रबंधाचं प्रकरण उभं करू नका.

आता तुमच्या प्रश्नातलं एक गृहीतक दुरुस्त करायला हवं. वाचणाऱ्याला वाटेल की या बायका काम सोडत चालल्या आहेत. दीर्घ काळाचा ओघ नेमका उलटा आहे. जवळजवळ सगळ्या विकसित देशांत पन्नाशीपुढच्या स्त्रियांचं श्रमबलाबाहेरचं प्रमाण गेल्या तीन-चार दशकांत घसरत आलं आहे. ब्रिटनमध्ये आज ५० ते ६४ वयाच्या दहा बायकांमागे साधारण तीन बाहेर आहेत. साठ ते चौसष्ट हा गट घेतला, तर २०१० च्या सुमारास त्यातल्या एक तृतीयांशाच्या आसपास बायका नोकरीत होत्या, आता निम्म्याच्या आसपास आहेत. यात पिढीचा वाटा मोठा. १९४० मध्ये जन्मलेल्या बाईने लग्नानंतर नोकरी सोडणं रीतीचं होतं, १९६० मध्ये जन्मलेलीने मुलं झाल्यावरही अर्धवेळ काम धरून ठेवलं. साठीत दिसणारा फरक तिशीत पडलेला असतो.

दुसरा वाटा पेन्शनच्या वयाचा. एप्रिल २०१० पर्यंत ब्रिटनमध्ये बायकांना साठाव्या वर्षी सरकारी पेन्शन मिळायची. १९९५ च्या कायद्याने ते वय हळूहळू ६५ करायचं ठरलं, २०११ च्या कायद्याने वेग वाढवला. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते ६५ झालं, ऑक्टोबर २०२० मध्ये स्त्री-पुरुष दोघांसाठी ६६, आणि २०२६ ते २०२८ मध्ये ६७ होतंय. १९५० च्या दशकात जन्मलेल्या बायकांनी याविरुद्ध मोठं आंदोलन उभारलं. आम्हाला वेळेवर कळवलंच नाही, अशी त्यांची तक्रार. मार्च २०२४ मध्ये संसदीय लोकपालांनी भरपाईची शिफारस केली, डिसेंबरमध्ये सरकारने ती नाकारली. त्या वादात मी शिरत नाही. तुमच्या कामाचा भाग एवढाच, की पेन्शनचं वय ६० वरून ६१ झालं तेव्हा अर्थतज्ज्ञांना एक आयताच प्रयोग मिळाला. काही महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या बायका, एकीला पेन्शन लागू, दुसरीला नाही. अभ्यासांत साठ वर्षांच्या बायकांचं नोकरीतलं प्रमाण शंभरात पाच ते सातने वाढलेलं दिसलं. त्यांच्या नवऱ्यांचंही वाढलं! नवरा-बायको बरोबर निवृत्त होतात आणि बायको सहसा दोन-तीन वर्षांनी लहान असते, म्हणून ती आपल्या वयाच्या मानाने लवकर बाहेर पडते. "पंचावन्नाव्या वर्षी का सोडलंस" याचं उत्तर कित्येकदा "हे साठचे झाले" असं असतं. नवऱ्याचं वय आणि नोकरीची स्थिती हे चल (व्हेरिएबल) तुमच्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) नसतील तर घाला.

पण वाढलेल्या पाच-सातांकडे बघताना उरलेल्यांकडेही बघा. पेन्शनचं वय पुढे ढकललं म्हणून ज्या आधीच बाहेर होत्या त्या परत आल्या नाहीत. नोकरीत होत्या त्या थोड्या जास्त टिकल्या. बाहेरच्या बाहेरच राहिल्या, फक्त आणखी काही वर्षं विनापेन्शन. त्यातल्या काहींची नोंद "निवृत्त"ऐवजी "दीर्घ आजारी" अशी होऊ लागली, कारण साठीच्या पुढे पेन्शन नसताना आजारपणाचा भत्ता हाच आधार. आजारी बायका वाढल्या असं तक्त्यात दिसतं, त्यातला थोडा भाग हा नोंदीचा बदल आहे.

थोडा भागच, सगळा नव्हे. करोनाच्या आधी ब्रिटनमध्ये दीर्घ आजारामुळे श्रमबलाबाहेर असलेले लोक सगळ्या वयांचे मिळून वीस-एकवीस लाख होते, २०२४ पर्यंत ते अठ्ठावीस लाखांच्या घरात गेले. बहुतेक श्रीमंत देशांत करोनानंतर लोक परत कामाला लागले, ब्रिटन त्यात मागे राहिला. इंग्लंडमधली रुग्णालयांची प्रतीक्षायादी सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ लाखांवर गेली होती. ही प्रकरणांची संख्या आहे, माणसांची त्याहून कमी, कारण एकाच माणसाची दोन प्रकरणं असू शकतात. पण गुडघा किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी वर्षभर थांबलेल्या केअर होममधल्या मदतनीस बाईचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. रुग्णाला उचलायचं, पलंगावर वळवायचं, बारा-बारा तासांची पाळी. गुडघा दुखतो म्हणून ती आधी रात्रपाळी सोडते, मग आठवड्याचे दोन दिवस, मग आजारपणाची रजा. शस्त्रक्रिया होईपर्यंत नोकरी गेलेली असते. त्याच वयाची, तसाच गुडघा दुखणारी बँकेतली बाई खुर्चीत बसून काम चालू ठेवते. म्हणून "आजार" हे कारण एकटं कधी घेऊ नका, शेवटच्या नोकरीचं स्वरूप त्याच्याबरोबर हवंच. पाठ, मान, सांधे आणि त्यांच्या जोडीला नैराश्य किंवा चिंता, हा या वयातला नेहमीचा जोड आहे आणि त्यातलं आधी काय आलं हे खुद्द त्या बाईलाही नेमकं सांगता येत नाही.

रजोनिवृत्तीबद्दल इथे अलीकडे पुष्कळ बोललं जातं. २०२२ मध्ये संसदेच्या महिला व समता समितीने त्यावर स्वतंत्र अहवाल दिला. बोलणं सुरू झालं हे उत्तमच. पण केवळ त्यामुळे नोकरी सोडली असं सांगणाऱ्या बायका मला क्वचितच भेटल्या. झोप नाही, गरम स्वयंपाकघर, त्यात नवी साहेबीण, असं सगळं मिळून कडेलोट व्हायचा. एका अध्यायाचा विषय आहे, मुख्य कारण म्हणून धरण्याइतका मला तो वाटत नाही.

घरातल्या कुणाची तरी काळजी घ्यावी लागणं, याकडे मात्र जास्त वेळ द्या. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये विनामोबदला कुणाची तरी शुश्रूषा करणारे सुमारे पन्नास लाख लोक नोंदले गेले आणि त्यात सर्वाधिक प्रमाण ५५ ते ५९ वयाच्या स्त्रियांचं होतं, दर पाचातली एक. पाळणाघरं आहेत मग प्रश्न कुठला, असं तुम्ही लिहिलंय, पण हे वय पाळणाघराचं नाही. ऐंशी-पंचाऐंशीचे आईवडील, सासूसासरे, कधी आजारी नवरा, आणि दुसऱ्या बाजूला लेकीचं मूल, कारण पाळणाघराचा खर्च लेकीला झेपत नाही. लेक नोकरीत टिकते ती आईने सोडली म्हणून. देशाच्या आकड्यात एक आली, एक गेली.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी केअरर्स अलाउन्स नावाचा भत्ता आहे. त्याची रचना पाहिली की बायका कुठे अडकतात ते कळतं. २०२५-२६ या वर्षात आठवड्याला ८३.३० पौंड, अट अशी की आठवड्याला किमान ३५ तास शुश्रूषा करायची आणि करासारख्या वजावटी जाऊन स्वतःची कमाई १९६ पौंडांच्या पुढे जाता कामा नये. त्या वर्षी किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं. सोळा तास केले की १९५.३६, म्हणजे काठावर बसतं. सतरावा तास केला की २०७.५७ आणि भत्ता पूर्ण बंद, टप्प्याटप्प्याने कमी होणं वगैरे काही नाही. एका तासाच्या १२ पौंडांसाठी ८३ पौंड जातात. वर, नकळत जास्त कमाई झाली तर मागचे पैसे परत मागतात. २०२४ मध्ये अशा हजारो वसुलींच्या बातम्यांनी इथे मोठा गहजब झाला. माझ्याकडे येणाऱ्या बायका बोटांवर तास मोजायच्या. नाताळच्या आठवड्यात दुकानाचा मॅनेजर "दोन तास जास्त थांबशील का" म्हणाला, की यांच्या पोटात गोळा. बऱ्याच जणी सरळ म्हणायच्या, नकोच ती नोकरी, निदान पत्र तरी येणार नाही घरी. त्या वेळी मर्यादा आणखी खाली होती. २०२४-२५ मध्ये १५१ पौंड, म्हणजे किमान वेतनावर आठवड्याचे तेरा तास.

हे सगळं असलं तरी खुशीने सोडणाऱ्याही आहेत, त्यांना विसरू नका. घराचं कर्ज फिटलं, दोघांची नोकरीची पेन्शन चांगली, बास झालं म्हणून बाहेर. शिक्षिका, सरकारी अधिकारी, परिचारिका यांत हे जास्त दिसतं. मार्च १९९५ पूर्वी रुजू झालेल्या कित्येक परिचारिकांना जुन्या नियमाने ५५ व्या वर्षी पूर्ण पेन्शन घेता येत असे. त्यातल्या बऱ्याच पेन्शन घेऊन पुन्हा आठवड्याचे दोन दिवस वॉर्डात येतात, म्हणजे आकड्यात त्या नोकरीतच. तुमचं "सुबत्ता" हे उत्तर या गटाला लागू पडतं. पण दुसऱ्या टोकाला दोन-तीन छोट्या नोकऱ्या करणारी सफाई कामगार आहे. इथे मालकाने कामगाराला पेन्शन योजनेत आपोआप घालायचं बंधन २०१२ पासून आलं, पण ते एका नोकरीतून वर्षाला दहा हजार पौंडांच्या वर मिळत असतील तरच. तिच्या दोन नोकऱ्यांत आठ-आठ हजार, म्हणून दोन्हीकडे बंधन नाही. ती पंचावन्नाला बाहेर पडली तर तिच्याकडे निवृत्तीचं नाव तेवढं असतं. सरासरी काढलीत तर या दोघींमध्ये कुठेतरी एक तिसरीच बाई उभी राहते, जी प्रत्यक्षात कुठेच राहत नाही.

इथल्या आपल्या लोकांबद्दल एक आडवळण. ब्रिटनमध्ये भारतीय वंशाच्या आणि पाकिस्तानी-बांगलादेशी वंशाच्या स्त्रियांच्या श्रमबलाबाहेरच्या प्रमाणात मोठी तफावत आहे, त्यामुळे "दक्षिण आशियाई" असा एकच गट करू नका. आणि नातवंडासाठी पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येणारी आजी सर्वेक्षणात धरलीच जात नाही, कारण ती इथली रहिवासी नाही. तिच्या जिवावर एखादी सून नोकरीत टिकते ते मात्र मोजलं जातं. इथे स्थायिक असलेल्या, पेन्शनच्या वयाखालच्या आजीला बारा वर्षांखालचं नातवंड सांभाळल्याबद्दल २०११ पासून नॅशनल इन्शुरन्सचं, म्हणजे सरकारी पेन्शनसाठीच्या वर्गणीचं, श्रेय मिळू शकतं. पूर्ण सरकारी पेन्शनला अशी ३५ वर्षं भरावी लागतात. हे श्रेय अर्ज केल्याशिवाय मिळत नाही आणि इथल्या मराठी मंडळातल्या कित्येकींना ते माहीतच नव्हतं.

आता इतर देश. जपानमध्ये आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडणं याला रूढ शब्दच आहे आणि सरकार ते मोजतं. २०२२ च्या पाहणीत वर्षभरात एक लाखाच्या थोडं वर लोकांनी या कारणाने नोकरी सोडली, बहुसंख्य स्त्रिया. तिथे कायद्याने शुश्रूषेसाठी ९३ दिवसांची रजा मिळते, तीन वेळा विभागून घेता येते. हे दिवस स्वतः सेवा करायला दिलेले नाहीत. या काळात व्यवस्था लावावी, म्हणजे २००० पासून असलेल्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यातून मदतनीस किंवा दिवसाचं केंद्र मिळवावं आणि कामावर परतावं, ही कल्पना आहे. तरी लाखभर सोडतातच, पण निदान प्रश्न कुठे आहे हे तिथे ओळखलेलं आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून शुश्रूषेची रजा मिळाली ती वर्षाला एक आठवडा, तीही बिनपगारी.

इटलीत पंचावन्न ते चौसष्टच्या निम्म्याच्या आसपास बायका श्रमबलाबाहेर आहेत. त्यामागे जुने नियमही आहेत. १९७३ पासून १९९२ पर्यंत तिथे सरकारी नोकरीतल्या विवाहित, मुलं असलेल्या बाईला १४ वर्षं, ६ महिने आणि १ दिवस सेवेनंतर पेन्शन घेता येत होती. पस्तिशीतल्या पेन्शनर! नंतर वय वाढवलं, पण "स्त्रियांसाठी पर्याय" म्हणून कमी रकमेच्या बदल्यात लवकर निवृत्तीची सोय ठेवली. २०२३ पासून ती मुख्यतः शुश्रूषा करणाऱ्या, अपंग किंवा नोकरी गेलेल्या बायकांपुरती आवळली. म्हणजे राज्याने वृद्धांची सोय उभारण्याऐवजी मुलीला स्वस्तात घरी पाठवण्याची वाट मोकळी ठेवली, असं माझं मत.

स्वीडनमध्ये याच वयाच्या सत्तर टक्क्यांहून जास्त बायका नोकरीत आहेत. तिथल्या बायकांचे गुडघे काही वेगळे नाहीत. १९७१ पासून नवरा-बायकोचा कर वेगवेगळा आकारला जातो, त्यामुळे दुसऱ्या पगारावर जास्त कर बसत नाही, आणि म्हाताऱ्यांची शुश्रूषा नगरपालिकेची जबाबदारी आहे. जर्मनीत अजून जोडप्याचा कर एकत्र काढायची मुभा आहे, त्यात कमी कमावणाऱ्याच्या, म्हणजे बहुधा बायकोच्या, पगारावर कराचा भार जास्त पडतो. तिथे बायका बाहेर जाण्यापेक्षा छोट्या नोकऱ्यांत अडकलेल्या दिसतात. म्हणून नुसता आत-बाहेर असा चल घेऊ नका, तासही घ्या.

तासांवर मी इतका भर देते, कारण सल्ल्याच्या टेबलाशी बसल्यावर एकच क्रम पुन्हा पुन्हा दिसायचा. पंचेचाळीस ते बावन्नच्या दरम्यान कधीतरी पूर्णवेळचं अर्धवेळ होतं. त्याबरोबर बढती थांबते, प्रशिक्षणाला नाव जात नाही. मग काहीतरी घडतं, आईचं पडणं, कंपनीची फेररचना, स्वतःची शस्त्रक्रिया, आणि उरलेले तासही जातात. पहिल्या सहा-आठ महिन्यांत ती परतली तर परतते. त्यानंतर प्रत्येक वर्ष जड. जुना साहेब, ज्याने दोन ओळी लिहून दिल्या असत्या, तो निघून गेलेला असतो. दुकानातल्या कामालाही ऑनलाइन अर्ज आणि त्यात चाळीस-पन्नास मानसशास्त्रीय प्रश्न. केअरच्या कामाला पोलिसांचा दाखला, गाडी चालवता येणं, आणि तास निश्चित नाहीत. ५७ वर्षांच्या बाईला मी "अर्ज करा" म्हणायचे तेव्हा ती बसचं वेळापत्रक काढून दाखवायची. सकाळी सातची पाळी, पहिली बस साडेसहाची, तीही एक बदलून. याला प्रेरणेचा अभाव म्हणणारे अहवाल वाचले की मला राग येतो.

म्हणून माझा कल असा, की बाहेर गेलेल्यांना परत आणण्याच्या योजनांपेक्षा, जिथे नोकरी अजून शाबूत आहे तिथे ती सुटू न देणं जास्त लाभतं. एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये पहिल्या दिवसापासून लवचीक वेळ मागायचा हक्क आहे, पण तो मागायचा हक्क आहे, मिळायचा नाही. कार्यालयात तो कामी येतो, केअर होममध्ये आणि गोदामात फारसा नाही. हे देशानुसार आणि धंद्यानुसार बदलेल. ज्या देशात नोकरीवरून काढणं अवघड आहे, तिथे बाई टिकते पण एकदा सुटली तर पुन्हा घ्यायलाही मालक कचरतो.

तर प्रबंधासाठी. मुख्य कारण म्हणून एक रकाना निवडू नका. अवलंबी चल म्हणून, म्हणजे ज्याचं कारण शोधायचं ते म्हणून, "आज बाहेर आहे की नाही" याऐवजी "५० व्या वर्षी नोकरीत असलेली बाई कोणत्या वयात बाहेर पडली" हे घ्या, आणि त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत काय बदललं ते पाहा: तास, घरातलं आजारपण, नवऱ्याची निवृत्ती, स्वतःची तब्येत. ब्रिटनच्या तिमाही सर्वेक्षणात एक घर लागोपाठ पाच तिमाहीच राहतं, तेवढ्याने हे दिसणार नाही. त्यासाठी त्याच माणसांना वर्षानुवर्षं भेटणारी सर्वेक्षणं लागतात. अमेरिकेचं १९९२ पासून आहे, इंग्लंडचं २००२ पासून, युरोपातल्या अनेक देशांचं मिळून २००४ पासून. इंग्लंडच्या आणि युरोपच्या सर्वेक्षणांत एका फेरीत लोकांचा पूर्ण जीवनक्रम विचारलेला आहे, पहिली नोकरी, लग्न, मुलं, मधले खंड, सगळं. तुम्हाला नेमकी तीच फेरी हवी. संशोधनासाठी नोंदणी केली की विद्यार्थ्यांना विदा (डेटा) मिळतो.

आणि भारताशी तुलना करायचा मोह झाला, तर देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचं सर्वेक्षण याच घराण्यातलं आहे. ४५ वर्षांवरच्या सत्तर हजारांहून जास्त लोकांची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली आणि प्रश्न या परदेशी सर्वेक्षणांशी जुळतील असे ठेवले आहेत. फक्त शेतीवर राबणाऱ्या बाईने "काही करत नाही, घरीच असते" असं उत्तर दिलं असण्याची शक्यता मनात ठेवूनच ती फाइल उघडा. शेवटची नोकरी आणि ती सोडल्याचं वर्ष हे दोन प्रश्न आधी तपासा. किती जणींच्या बाबतीत ते रिकामे आहेत यावरून, तुमच्या प्रबंधात भारताचं प्रकरण होऊ शकतं की नाही ते ठरेल.